रोजचा भात

पिंपळगावला हायवेच्या कडेला आमची पत्र्याची एक खोली होती आणि त्या खोलीत दुखण्याला जागा नव्हती. दुखायचं सगळ्यांनाच. अण्णा, म्हणजे माझे वडील, कांदा मार्केटमध्ये गोण्या उचलायचे, त्यांची पाठ धरायची. आई द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये दिवसभर उभी राहून घड साफ करायची, लहानशा कात्रीनं एकेक खराब मणी कातरून काढायची. संध्याकाळी तिच्या पोटऱ्यांचे गोळे झालेले असायचे. मला थंडीत कानात ठणका लागायचा. पण दुखतंय असं म्हणायची आमच्यात पद्धत नव्हती. दुखतंय म्हटलं की ऐकणाऱ्याला काहीतरी करावं लागतं, आणि करण्यासारखं हाताशी काही नसलं की माणूस चिडतो. अण्णा चिडायचे. "मंग मी काय करू? नाचू?" असं म्हणायचे आणि बाहेर जाऊन उगाच सायकल पुसत बसायचे. ती सायकल आधीच स्वच्छ असायची. डॉक्टरकडं जायचं ते कामावर उभं राहता येईना तेव्हा, त्याच्या आधी नाही. त्यानं पाच दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या तर आम्ही दोन दिवसांच्या आणायचो, आणि ताप उतरला की उरलेल्या तीन दिवसांच्या वाचल्या म्हणून आई खूश व्हायची.

हे रडगाणं म्हणून सांगत नाही. त्या खोलीतून मी पदवीधर होऊन बाहेर पडले, आमच्या दोन्ही घराण्यांत पहिली, आणि त्याचा मला ताठा होता, अजून आहे. पण आईचे दात गेले त्याचा विषय निघाला की मला गप्प व्हायला होतं. ते दात त्या पत्र्याच्या खोलीत गेले असते तर मी कुणालाही तोंड वर करून सांगितलं असतं की आम्ही काय करणार होतो. ते गेले आमचं बरं चाललेलं असताना, मला सरकारी नोकरी लागून वर्ष उलटून गेल्यावर. म्हणून हे प्रकरण लिहायचं मी बरीच वर्षं पुढं ढकलत आले.

आई मिश्री लावायची. आजच्या शहरातल्या पोरींना हे सांगावं लागतं. माझ्या मुलीनं ऐकलं तेव्हा तिला आधी खडीसाखरच वाटली. मिश्री म्हणजे तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटून बारीक पूड करायची आणि ती बोटानं दाताला, हिरड्यांना चोळायची. महिन्यातून एकदा आई तंबाखू भाजायला बसली की खोलीत थांबणं अशक्य व्हायचं. घसा धरायचा, डोळ्यांतून पाणी यायचं, अण्णा शिंकत शिंकत बाहेर पळायचे आणि रस्त्यावरच्या टेम्पोवाल्यांना ओरडून सांगायचे, "गाड्या मागं घ्या रे, आमच्याकडं कारखाना चालू झाला!" आई पदर नाकाला लावून हसत हसत भाजत राहायची. ती पूड तोंडाला लावायच्या स्नोच्या एका जुन्या डबीत जायची आणि डबी तिच्या कमरेला. सकाळी उठल्यावर दाराशी उकिडवी बसून, बोट तोंडात घालून, डोळे अर्धे मिटून आई दहा मिनिटं नुसती बसायची. त्या वेळी तिला कुणी हाक मारायची नाही. मारली तरी ती "अं" म्हणायची, बस्स. पॅकहाऊसमध्येही चहाच्या सुट्टीत बायका गोल करून बसायच्या आणि डब्या फिरायच्या. आईची मैत्रीण गयामावशी म्हणायची, "सारजे, तुझी मिश्री लय कडक. एक चिमूट लावली का सासू बी दिसत नाय." माझ्या डोक्यात ते सगळं व्यसन या एका शब्दात बसलेलं होतं. शाळेत तसंच शिकवलं होतं, आणि ते काही खोटं नव्हतं.

आमचं खाणं म्हणजे बाजरीची भाकरी. तव्यावरून उतरवून चुलीच्या कडेला उभी केली की ती फुगून कडक व्हायची. आई तिचा तुकडा मोडायची तो आवाज मला अजून ओळखता येईल. सोबत मिरचीचा ठेचा, कांद्याची पात, कधी हुलग्याचे शेंगोळे, आणि हंगामात पॅकहाऊसवरून आणलेले सुटे मणी. निर्यातीच्या पेटीत घड जायचा, घडातून सुटलेले मणी आमच्यासारख्यांकडं यायचे. भात मात्र सणाला, नाहीतर पाहुणे आले तर. भात शिजल्याचा वास गेला की शेजारची बाई भिंतीपलीकडून विचारायची, "कोण आलंय गं सारजाबाई?" आणि कुणी आलेलं नसेल तर आईला लाजल्यासारखं व्हायचं. इतकी आमची आणि भाताची दूरची ओळख. लहानपणी मला वाटायचं, श्रीमंत लोक म्हणजे ज्यांच्याकडं कुणी न येता भात शिजतो ते.

बारावीनंतर नाशिकच्या कॉलेजात नाव घालायचं ठरलं तेव्हा आई कामाला सुट्टी टाकून माझ्याबरोबर एस.टी.नं आली. सोमवार होता. रांग लांबलचक, ऊन, फॉर्मवर बापाचा धंदा लिहायची ओळ. त्या ओळीवर मी 'व्यापार' लिहिलं आणि आईला वाचता येत नाही याचं मला त्या दिवशी पहिल्यांदा बरं वाटलं. आई दिवसभर पदराचा बोळा करून गालाला लावून उभी होती. मी म्हटलं, "काय झालं?" म्हणाली, "काय नाय, ऊन हाय." पुढं तीन वर्षं मी पहाटेच्या गाडीनं जाऊन येऊन पदवी घेतली. परीक्षा दिल्या, मुलाखत दिली आणि नाशिकच्या एका सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागले. कायम. तो शब्द अण्णांनी कागदावर बोट ठेवून माझ्याकडून चार वेळा वाचून घेतला. "कायम म्हंजी पावसाळ्यात बी?" त्यांनी विचारलं. पावसाळ्यात बी, मी सांगितलं.

आम्ही पंचवटीत दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, पेठ नाक्याच्या अलीकडं. घर एका गुरुजींचं होतं. ते रामकुंडावर यात्रेकरूंची पूजा सांगायचे, आणि त्यांची बायको, आम्ही त्यांना काकू म्हणायचो, घर अगदी लखलखीत ठेवायच्या. अण्णांना पेठ रोडच्या मार्केट यार्डात वजनकाट्यावर बसायचं हलकं काम मिळालं. आईचं पॅकहाऊस मीच बंद करवलं. आणि मग सुरू झाली ती मजा, जिच्याबद्दल मला खरं तर पानंच्या पानं लिहायला आवडतील. अंगाला लावायचा साबण वेगळा आणि कपड्याचा वेगळा. तिघांना तीन छत्र्या. गॅस आला, आणि चुलीपाशी फुंकणी घेऊन वाकलेली आई ताठ उभी राहून चहा करायला लागली. पाहुणा आला की "चहा घेणार का?" असं न विचारता आधण ठेवायचं. पण सगळ्यांत मोठं सुख कुठलं असेल तर वस्तू संपायच्या आधी आणणं. पहिल्यांदा मी साखर आणली तेव्हा आईनं डबा उघडून मला दाखवला. "अगं हाय की अजून!"

"असू दे. संपेल तेव्हा धावाधाव नको."

"संपल तवा आणू ना. साखर काय पळून चाललीय?"

अण्णा म्हणाले, "मॅडमची साखर हाय ती. तिला रांगेत उभी करून ठेवायची." आई हसली, पण कितीतरी दिवस तिनं नवी साखर जुन्या डब्यात ओतली नाही. वेगळी ठेवली, पुडीतच, जणू ती कुणा दुसऱ्याची आहे. आता माझी मुलगी मोबाईलवर बोट फिरवते आणि दहा मिनिटांत साखर दारात येते. तिला हे सुख म्हणून सांगायला गेलं तर ती माझ्याकडं दयेनं बघते.

त्या घरात राहून दोन-तीन महिने झाले असतील. एका सकाळी मी ऑफिसला निघाले तर काकूंनी मला त्यांच्या दारात थांबवलं. काकू वाईट नव्हत्या, हे आधी सांगते. त्यांनी आवाज खाली घेतला होता आणि त्या स्वतःच ओशाळल्या होत्या.

"अगं अलका, एक सांगू का? रागावू नकोस हं. आई सकाळी पुढच्या पायरीवर बसून ते दातांना लावतात ना, त्याच वेळी यांचे यजमान येतात पूजेसाठी. लांबून लांबून आलेली माणसं असतात. मागच्या बाजूला बसल्या तर..."

काकूंनी फक्त जागा बदलायला सांगितली होती. मागच्या बाजूला मोरी होती, आडोसा होता, कुणाचं काही बिघडलं नसतं. पण माझा चेहरा असा तापला की मला पुढचं ऐकूच आलं नाही. मी तशीच परत फिरले. आई पायरीवरून उठून आत भांडी घासत होती. मी तिच्याकडं डबी मागितली. तिनं हात पुसून कमरेची काढून दिली, तिला वाटलं मला बघायची आहे. मी ती मोरीत रिकामी केली आणि वरून तांब्याभर पाणी ओतलं.

"हे आता बंद. आपण आता पिंपळगावला राहत नाही. कॅन्सर होतो याच्यानं, माहितीय का?"

आई त्या काळ्या पाण्याकडं बघत राहिली. अण्णा दाढी करत होते, ते म्हणाले, "अगं तिची न्याहारी हाय ती. एकदम कशी तोडते?"

"तुम्ही मध्ये बोलू नका अण्णा."

"बरं," आई म्हणाली. तेवढंच. मला वाटलं होतं ती भांडेल, लपवून लावेल, पुन्हा तंबाखू आणील. तिनं त्यातलं काही केलं नाही. मुलगी शिकलेली आहे, कायम नोकरीत आहे, ती सांगते म्हणजे बरोबरच असणार, असं तिनं धरलं. मी सांगितलं त्यात खोटं काही नव्हतं, आणि इथंच माझी पंचाईत होते. खोटं सांगितलं असतं तर माफी मागायला सोपं गेलं असतं. मी खरं तेच सांगितलं, पण आईच्या तोंडासाठी नाही, काकूंच्या पायरीसाठी सांगितलं.

संध्याकाळी मी तिच्यासाठी ब्रश आणि टूथपेस्ट घेऊन आले. तिचा तिचा ब्रश, हिरव्या रंगाचा. तो ग्लासात माझ्या ब्रशशेजारी उभा केला तेव्हा मला फार भरून आलं होतं. आईनं पेस्ट चाटून बघितली. "गोड हाय गं. लेकराचं औषध हाय का?" मी तिला ब्रश कसा धरायचा ते दाखवलं. तिनं दोनदा फिरवला आणि थुंकली, तर लाल. "पहिल्यांदा येतंच रक्त," मी म्हटलं, जसं काही मी कॉलेजात दातांचंच शिकले होते. त्यानंतर ती मोरीचं दार लावून ब्रश करायची. ब्रश ओला असायचा, मी रोज बघायचे. पुढं केव्हातरी अण्णांनी सांगितलं की ती तो नुसता नळाखाली धरायची.

आणि त्याच सुमाराला आमच्या घरात रोज भात शिजायला लागला.

आधी दुपारी भात आणि सकाळी भाकरी असं होतं. मग हळूहळू आई दोन्ही वेळेला भात टाकायला लागली. मऊसर, पाण्याचा, वर पातळ वरण. माझ्या डब्यात आणि अण्णांच्या ताटात भाकरी असायची, पण ती स्वतः भात घ्यायची. भाकरी घेतलीच तर आमटीत कुस्करून, पार लगदा होईपर्यंत. मी तिला जेवताना बघायचे आणि मला इतकं समाधान वाटायचं की काय सांगू. कुणी पाहुणे आलेले नाहीत आणि माझी आई भात खातेय! मला वाटलं, आता ती बदलली. आता तिला पुडीतली साखर आपली वाटायला लागली. ऑफिसात जेवायला बसलो की मी मुद्दाम सांगायचे, "आमच्या आईला आता भाकरी चालत नाही बाई, रोज भात लागतो. लाडावलीय." बायका हसायच्या, मीही हसायचे. एका रविवारी मी इगतपुरीकडचा वासाचा तांदूळ आणला, चांगला दहा किलो, जुना तांदूळ संपायच्या आधी. आईनं मुठीत घेऊन वास घेतला आणि म्हणाली, "लय भारी हाय. मऊ होईल." मऊ होईल, असं ती म्हणाली. माझ्या कानांना ते तेव्हाही ऐकू आलं होतं, आणि माझ्या डोक्यानं त्याचा अर्थ लावला नाही.

दुसरंही दिसत होतं. आई बोलायची कमी झाली. एका गालावर हात ठेवून बसायची. पेरू चिरून दिला तर "दात आंबलेत" म्हणून अण्णांना द्यायची. पण माणसाला जे बघायचं असतं तेच त्याला दिसतं. मला आईचं सुख बघायचं होतं. मी ते कमावून आणलं होतं ना.

असं वर्ष गेलं. मग गयामावशी आली. अमावास्येला रामकुंडावर आंघोळीला आली होती, बरोबर आमच्यासाठी कडक भाकरी, ठेचा आणि पॅकहाऊसचे मणी घेऊन. आई तिला बघून लहान मुलीसारखी दारातून धावली. मी त्या दिवशी घरी होते, सुट्टी होती. गयामावशीनं आईला छातीशी धरलं, मग हातभर लांब धरून तिच्या तोंडाकडं बघितलं.

"सारजे, हा गाल कशानं सुजलाय?"

"कुठं काय. जाड झाले. बसून खाते ना आता."

"एकाच गालानं जाड झाली का? डबी काढ तुझी. दोघी लावू."

आईनं माझ्याकडं बघितलं. मी गॅसपाशी चहा करत होते. "सोडली मी," ती म्हणाली. "पोरीला आवडत नाय."

गयामावशीनं माझ्याकडं वळूनही बघितलं नाही. मग अगदी साध्या आवाजात, जणू मी तिथं नाहीच, तिनं विचारलं, "मंग दाढ कशानं दाबते?"

चहा उतू गेला. मी गॅस बंद केला. "कुठली दाढ?" मी विचारलं.

"काय नाय गं, ती बोलती काईबी," आई म्हणाली.

"काईबी?" गयामावशी माझ्याकडं वळली. "अगं, हिची दाढ कवाची कुजलीय. दिवसातून चार बारी मिश्री दाबायची तवा हिचा हात चालायचा घडावर. आमी हौसेनं लावायचो, ही दुखण्याला लावायची. सरकारी दवाखान्यात जायचं ठरलं व्हतं एकदा, मी येणार व्हते संगं. तर सोमवार निघाला तुझ्या कॉलेजचा. पुन्हा म्हणली, जाऊ. मंग हंगाम आला. मंग राहूनच गेलं."

"तू गप बस गये," आई म्हणाली. आणि मग मला, घाईघाईनं, समजूत काढल्यासारखं, "आता नाय दुखत तेवढं. भात खाते ना मी."

त्या वाक्यानंतर मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. पायात चपला घातल्या, आईचा हात धरला आणि कोपऱ्यावर जाऊन रिक्षा थांबवली एवढं आठवतं. आई म्हणत होती, "अगं ती इतक्या लांबून आली, तिला जेवू तर दे." गयामावशी दारातून ओरडली, "मी वाढून घेते. तुमी जा!"

शालिमारजवळ एक दातांच्या डॉक्टर होत्या, तरुण, माझ्याहून दोन-चार वर्षांनीच मोठ्या असतील. त्यांनी आईला खुर्चीत बसवलं, दिवा ओढला. "किती दिवसांपासून दुखतंय?"

"दुखत नाय," आई म्हणाली.

डॉक्टरांनी आत बघितलं आणि बराच वेळ बघत राहिल्या. कशानं तरी एका ठिकाणी हलकंच टेकवलं. आईच्या तोंडातून आवाज आला नाही, पण तिच्या पायांची बोटं चपलेत आकडली, ती मला दिसली. पू झाला होता. खालच्या दोन्ही बाजूंच्या दाढा गेल्या होत्या, हिरड्या इतक्या खराब की पुढचे हलत होते. डॉक्टरांनी मिश्रीचं विचारलं. "लावत होती. वर्षापूर्वी सोडली," मी म्हटलं. "सोडली ते फार चांगलं केलं," डॉक्टर म्हणाल्या, "पण तेव्हाच इथं आणायला हवं होतं. त्यानं हिरड्या खराबही होतात आणि बधिरही राहतात. तुम्ही पांघरूण काढलंत आणि खाली काय आहे ते बघितलंच नाही. तेव्हा आला असता तर पुढचे बरेच वाचले असते. का नाही आणलंत?"

आमच्याकडं पैसे नव्हते, हे वाक्य माझ्या जिभेवर लहानपणापासून तयार असायचं. शाळेत सहलीला, वर्गात पुस्तकाला, दवाखान्यात गोळ्यांना, सगळीकडं ते चालायचं आणि ते खरं असायचं. त्या दिवशीही ते आपोआप ओठांपर्यंत आलं. आणि माझ्या लक्षात आलं की ते आता माझं राहिलं नाही. माझ्या खांद्याला चामड्याची पर्स होती. घरात दहा किलो तांदूळ जादा होता. एक अर्धा दिवस रजा टाकून, त्या वर्षातल्या कुठल्याही दिवशी, मी तिला इथं आणू शकले असते. गरिबी अंगावरून उतरली तेव्हा तिच्याबरोबर तिची सबबही गेली, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

"माझ्या लक्षात आलं नाही," मी म्हटलं.

आई खुर्चीतून लगेच म्हणाली, "तिचं काय नाय हो बाई. तिला ऑफिस असतं. मीच बोलले नाय."

दोन महिने आम्ही जात होतो. एका वेळी दोन-तीन दात निघायचे. प्रत्येक वेळी मी रजा टाकायची आणि प्रत्येक वेळी आई रिक्षात म्हणायची, "तुझा पगार कापतील." कापत नाहीत, रजा असते, असं मी सांगायचे, पण जो माणूस आयुष्यभर एका दिवसाचं काम म्हणजे एका दिवसाचं खाणं असं जगला, त्याला भरपगारी रजा समजावून सांगणं फार अवघड असतं. ती पगार न कापणारी रजा हा माझ्या नोकरीतला सगळ्यांत मोलाचा भाग होता आणि मी ती वर्षभर साठवून ठेवली होती, पुढं कधीतरी लागेल म्हणून. शेवटी कवळी बसली. आई सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसची असेल. अण्णांनी तिला निरखून बघितलं आणि म्हणाले, "एकदम सरळ दात आले तुला. लग्नात हे असते तर हुंड्यात काईच मागितलं नसतं." आई खूप हसली. हसताना ती हात तोंडावर धरायला लागली होती, आणि ती सवय शेवटपर्यंत गेली नाही.

काकूंनी पुढं कधीतरी विचारलं, "तेव्हा मी बोलले त्याचा तर त्रास नाही ना झाला आईंना?" मी नाही म्हटलं. त्यांचा खरंच काही दोष नव्हता. मला आजपर्यंत छळतं ते निराळंच आहे. मी आईला विचारलं का नाही? "तू हे का लावतेस?" एवढे चार शब्द. ऑफिसात मी अनोळखी माणसांना दिवसातून शंभर प्रश्न विचारायचे, नाव काय, गाव कुठलं, कागद कुठं आहे. आईला एक विचारला नाही, कारण मला वाटलं उत्तर मला माहीत आहे. शिकल्याचा तोटा झाला तर असा होतो.

त्यानंतर मी रोज संध्याकाळी तिला विचारायला लागले, काही दुखतंय का. ती रोज नाही म्हणायची. काही दिवसांनी ती चिडायला लागली. "आता काय दुखणं काढू तुझ्यासाठी?" अण्णा म्हणायचे, "रोज हजेरी घेते पोरगी." तरी मी विचारत राहिले, कारण माझा तिच्या 'नाय' वरचा विश्वास उडाला होता. आणि तिचाही बहुधा माझ्या विचारण्यावर बसला नव्हता. जिनं डबी ओतून टाकली तीच आता विचारते आहे, तिला आईनं काय म्हणून सांगावं? मला भीती होती ती हीच, की ती पुढचंही सगळं असंच गिळत राहील आणि मला ते कुठल्यातरी गयामावशीच्या तोंडून कळेल.

दुसऱ्या वर्षीच्या थंडीतली गोष्ट. मी ऑफिसची तयारी करून केस विंचरत होते. आई मागच्या दारात धुणं वाळत घालत होती. तिथूनच, माझ्याकडं न बघता, एखादी वस्तू संपल्याचं सांगावं तसं ती म्हणाली, "अलके, कालपासून गुडघा दुखतोय गं माझा."

मी काहीच विचारलं नव्हतं.

"लय नाय," ती पुढं म्हणाली, "पण दुखतोय."

मी कंगवा ठेवला. शेजारच्या दुकानातून ऑफिसला फोन करून रजा सांगितली. साहेबांनी कारण विचारलं, मी म्हटलं, आईचा गुडघा दुखतोय. फार दुखतोय का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही सर, फार नाही.

गुडघ्याला विशेष काही झालेलं नव्हतं. डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, आम्ही पाचही दिवसांच्या आणल्या आणि आईनं त्या पाचही दिवस घेतल्या. मी नंतर बढत्या घेतल्या, घर बांधलं, मुलीला इंजिनियर केलं. पण कुणी मला विचारलं की नोकरीनं तुम्हाला काय मिळवून दिलं, तर मी एवढंच सांगते: माझ्या आईला थोडंसं दुखत होतं, तिनं ते सांगितलं, आणि आम्ही त्याच दिवशी डॉक्टरकडं गेलो.